दादाची सही

गाड्यांचा विमा उतरवणं हा माझा धंदा. एकतीस वर्षं झाली. माणूस गेला की नातेवाइकांच्या मागोमाग मी त्या घरी पोचतो आणि रडारड ओसरायच्या आत विचारतो, गाडी कुणाच्या नावावर होती? पाठीमागे लोक मला गिधाड म्हणतात हे मला ठाऊक आहे. म्हणोत बापडे, गिधाड निदान वेळेवर येतं. मालक वारला की ठरलेल्या मुदतीत गाडी वारसाच्या नावावर करावी लागते आणि पॉलिसीवरचं नावही बदलावं लागतं. मुदत टळली की ती पॉलिसी चुलीत घालायच्या लायकीची, कारण मेलेल्या माणसाशी करार होत नाही. कंपनी त्याच्या नावाचा हप्ता मात्र खुशाल घेते. माणूस जिवंत आहे का, हे घेताना विचारायची रीत नाही, देताना आहे. एवढं सगळं समजावून मी मृत्यूचा दाखला मागतो आणि पुढच्या कामाला लागतो.

हे पाठ झालेलं भाषण मी शेकडो घरांत केलं. एका घरात केलं नाही. ते माझ्या सख्ख्या थोरल्या भावाचं घर. त्याची किंमत मी मोजली असती तर ठीक होतं, पण ती मोजली माझ्या वहिनींनी. म्हणून त्यांच्याविषयी लिहायला बसलोय.

दादा आणि वहिनी कवळ्या बनवायचे. दातांचे डॉक्टर जबड्याचं माप घेऊन पाठवायचे, हे दोघं त्यावरून प्लास्टरचा साचा करायचे, मेणात दात रोवून बघायचे आणि मग पक्की कवळी करून परत पोचवायचे. तीन खोल्यांच्या घरातली रस्त्याकडची खोली या कामाला दिलेली. भिंतभर फळ्या, फळ्यांवर ओळीने जबडे, प्रत्येकावर पेन्सिलीने नंबर. पहिल्यांदा येणारा पाहुणा दातखीळ बसल्यासारखा दारातच उभा राहायचा. दादा त्याला म्हणायचा, "लोकांचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे. आम्ही एकाच पैशात दोन्ही देतो." हा विनोद तो वीस वर्षं करत होता आणि वहिनी वीस वर्षं न हसता खाली मान घालून काम करत होत्या.

काम शिकवलं दादानं, पण हात वहिनींचा. त्या दात मुद्दाम किंचित वेडेवाकडे लावायच्या. सरळ रांगेतले दात खोटे दिसतात, असं त्यांचं म्हणणं. कवळी कुणाची आहे ते विचारून त्या माणसाचा तरुणपणीचा फोटो मागवून घ्यायच्या आणि भिंग लावून समोरच्या दोन दातांमधली फट शोधायच्या. एकदा एक डॉक्टर मुद्दाम घरी सांगायला आला की अमुक बाई कवळी लावून घरी गेली तर तिचा म्हातारा नवरा तिच्याकडे बघत रडायलाच लागला, लग्नातली बायको परत आली म्हणाला. वहिनींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, चावताना दुखत नाही ना त्यांना?

अशा त्या. बोलणं मोजकं, मूलबाळ नाही, दादा आणि दात एवढंच जग. माझ्यासारख्या बडबड्या दिराचीही त्यांच्यापुढे पाच मिनिटांत पंचाईत व्हायची. मग मी काहीतरी करायचं म्हणून दादाच्या गाडीचे कागद काढायचो.

दादाला कागदांचा भारी तिटकारा. फॉर्म दिसला की त्याला घाम फुटायचा. गाडी घेतल्या दिवसापासून तिच्या विम्याचं सगळं मीच बघायचो, सहीसुद्धा मीच ठोकायचो. तो म्हणायचा, "तूच कर रे सही, तुझी माझ्यापेक्षा बरी येते." खोटं नव्हतं ते. नावातलं शेवटचं अक्षर तो घाईघाईत गुंडाळायचा, मी तेच जरा नीट गुंडाळायचो. नियमाला धरून नव्हतं, पण भावाभावांत कसला आलाय नियम, असं दोघांनाही वाटायचं.

एका सकाळी दादा कवळ्यांचा डबा घेऊन गेला तो परत आला नाही. डॉक्टरच्या दवाखान्यासमोर गाडी नीट रेषेत लावून, इंजिन बंद करून, पट्टासुद्धा न सोडता तो बसल्या जागी सापडला. हृदय बंद पडलं होतं. त्याला काही कळलंही नसेल, असं सगळे म्हणाले. अशा वेळी सगळे हेच म्हणतात. तो सत्तावन्न वर्षांचा होता.

नवव्या दिवशी त्या गाडीची पॉलिसी संपत होती. तारखा माझ्या डोक्यातच असतात, कुणी आठवण करून द्यावी लागत नाही. दुसऱ्या कुणाचं घर असतं तर मी दाखला मागायला केव्हाच जाऊन धडकलो असतो. इथं मी माझ्याच टेबलाशी फॉर्म घेऊन बसलो. दादाच्या नावापुढे 'मयत' लिहायला पेन टेकवलं आणि हात पुढे सरकेना. मग मी त्याची सही केली. शेवटचं अक्षर गुंडाळताना तो शेजारी बसून "आटप लवकर" म्हणतोय असं वाटलं, आणि मला बरं वाटलं. खरं सांगतो, त्या नऊ दिवसांत तेवढंच बरं वाटलं होतं. म्हटलं, अजून मुदत आहे, नाव नंतर बदलून घेऊ. नवी पॉलिसी वहिनींना नेऊन दिली. त्यांनी ती बराच वेळ पाहिली, घडी घातली आणि कपाटात ठेवली.

दुसऱ्या वर्षी मुदतीचा बहाणा उरला नव्हता. तरी मी सही केली. तिसऱ्या वर्षी तर विचारही न करता केली.

मधल्या काळात वहिनी गाडी शिकल्या. आधी डबे पोचवायला त्यांनी एक माणूस ठेवून बघितला होता. त्यानं एका दवाखान्याची कवळी दुसऱ्याला दिली आणि दोन म्हातारे दोन दिवस एकमेकांचे दात तोंडात बसवायची खटपट करत राहिले. वहिनींनी त्याला निरोप दिला आणि त्याच दुपारी ड्रायव्हिंग शिकवणाऱ्याकडे नाव घातलं. वय चोपन्न. परीक्षेत दोनदा नापास झाल्या, तिसऱ्यांदा पास झाल्या. चालवायच्या अशा, की सायकलवाले घंटी वाजवून पुढे जायचे. कवळ्यांचा डबा शेजारच्या सीटवर ठेवून त्याला पट्टा बांधायच्या. मी हसलो तर म्हणाल्या, "माणसांचे दात आहेत भाऊजी, सांडले तर?"

पण काम टिकलं. नऊ डॉक्टर होते, नऊच्या नऊ राहिले. त्यातले पाच गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, गाडीशिवाय तिथं वेळेवर पोचणं शक्य नव्हतं. ती गाडी म्हणजे वहिनींचं पोट होतं, हे त्यांना कळत होतं आणि मलाही.

तिसरी पॉलिसी घेऊन सात महिने झाले असतील. भर दुपारी फोन आला. वळणावर एक कुत्रं आडवं आलं, वहिनींनी गाडी बाजूला घेतली, ब्रेक उशिरा लागला आणि गाडी विजेच्या खांबावर गेली. कुत्र्याला काही झालं नाही. वहिनींचं डावं मनगट मोडलं. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा हाताला प्लास्टर चढत होतं आणि त्या ते चढवणाऱ्याला सांगत होत्या, पाणी जास्त झालंय, लवकर सुकणार नाही.

संध्याकाळी गाडी बघायला गॅरेजात गेलो. पुढचा भाग पार आत गेला होता. दुरुस्तीपेक्षा भंगारात बरी, असं गॅरेजवाला म्हणाला. मग त्यानं विचारलं, चालवणारा माणूस चांगला उंच होता का हो? मी म्हटलं, बाई होत्या, दादाच्या खांद्यालाही लागत नव्हत्या त्या. त्यानं मला आत वाकून बघायला सांगितलं. ड्रायव्हरची सीट शेवटच्या खाचेपर्यंत मागे होती आणि पाठीला दोन जाड उशा लावलेल्या होत्या. इतक्या लांबून ब्रेकला पायाची नुसती बोटं पोचतात, तो म्हणाला, एक दांडी ओढली असती तर सीट पुढे आली असती. त्यानं दांडी ओढून बघितली. सीट गंजून बसलेली, हलेना. कितीतरी वर्षांत कुणी तिला हात लावलेला नव्हता. दादानं बसायला जशी लावली होती तशीच ती होती.

मी गॅरेजच्या मागच्या अंगाला, टायरांच्या ढिगाशी जाऊन रडलो. दादा गेला तेव्हाही इतका रडलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी विचारलं, विमा मिळेल ना? मग सांगावंच लागलं. पॉलिसी दादाच्या नावावर आहे, सह्या त्याच्या नावाने आहेत, तो गेल्यानंतरच्या तारखांच्या आहेत आणि त्या मी केल्यात. क्लेम मिळाला नाही तर दुसरी गाडी घेणं त्यांना या जन्मात जमणार नव्हतं. आणि सह्या उघड झाल्या तर माझं एजंटचं लायसन्स जाणार होतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी गिधाडाला दुसरं कोण कामावर ठेवणार? मी रात्रभर डोकं खाजवून एक शक्कल काढली होती. मी वहिनींना म्हणालो, दादा बाहेरगावी गेलाय असं सांगू, क्लेमच्या फॉर्मवर सही मी करतो, शेवटची.

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. "किती दिवसांसाठी गेलेत म्हणून सांगणार?" त्यांनी विचारलं.

त्या उठून कामाच्या खोलीत गेल्या आणि एका हाताने मेण तापवायला लागल्या.

तीन दिवसांनी त्या म्हणाल्या, मला कंपनीच्या ऑफिसात घेऊन चला. खरं काय ते सांगायला निघाल्यात हे मी ओळखलं. वाटेत मी तीनदा ठरवलं की आपणच आधी तोंड उघडायचं. जिना चढताना चौथ्यांदा ठरवलं.

क्लेम बघणारा अधिकारी माझ्या सतरा वर्षांच्या ओळखीचा. लहानशी खोली, फायलींनी भरलेलं टेबल, खिडकीत एक सुकलेली कुंडी. त्यानं वहिनींच्या हाताची चौकशी केली, खुर्ची दिली आणि विचारलं, गाडीचे मालक नाही आले? वहिनींनी सांगितलं की मालक वारलेत. तारीख सांगितली, वार सांगितला, दवाखान्याचा रस्ता सांगितला, गाडी कशी रेषेत उभी होती तेही सांगितलं. त्यांना इतकं सलग बोलताना मी कधीच ऐकलं नव्हतं. दादा गेलाय हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायचीही माझी पहिलीच वेळ होती.

अधिकाऱ्यानं फाइल उघडली. तीन वर्षांचे तीन फॉर्म काढून टेबलावर शेजारी शेजारी मांडले. तिन्हींवर शेवटचं अक्षर सारखंच गुंडाळलेलं.

"मग या सह्या कुणाच्या?" त्यानं विचारलं, आणि विचारताना तो वहिनींकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता.

मी तोंड उघडलं. शपथेवर सांगतो, उघडलं होतं.

"माझ्या," वहिनी म्हणाल्या. "मीच करायचे. गाडी माझ्या नावावर करून घेतलीय असं मी भाऊजींना सांगितलं होतं. सही केलेला फॉर्म तुमच्याकडे आणायच्या त्यांच्या गठ्ठ्यात मीच ठेवायचे. ते माझ्या शब्दावर गेले."

अधिकाऱ्यानं चष्मा काढला आणि पुसायला लागला. बराच वेळ पुसला. काचा स्वच्छ होत्या, तो मला वेळ देत होता, हे मला तेव्हाही कळत होतं. शेवटी चष्मा लावून त्यानं मला विचारलं, "असंच झालं का?"

मी मान हलवली. हो म्हणून.

त्यानं कोरा कागद वहिनींपुढे सरकवला. प्लास्टरच्या हाताने कागद दाबून धरून त्यांनी उजव्या हाताने सगळं लिहून दिलं आणि खाली स्वतःचं नाव घातलं. कंपनी पोलिसांत वगैरे जाणार नाही, तुम्ही स्वतः होऊन सांगितलंत, पण क्लेम मात्र विसरा, असं तो म्हणाला. मला त्यानं, यापुढे गठ्ठे वाचून पाठवत चला, एवढंच सुनावलं.

बाहेर जिन्यापाशी एक बाकडं होतं. मी बसलो. वहिनीही बसल्या. मी विचारलं की तुम्हाला त्या सह्यांचं आधीपासून माहीत होतं का.

"पहिल्या वर्षापासून," त्या म्हणाल्या. "कागद आला की मी आधी सहीच बघायचे. तुमची आहे हे कळायचं हो, तुमचं वळण जास्त नीट असतं. तरी बघत बसायचे. मला वाटायचं, चला, अजून एक वर्ष." मग म्हणाल्या, "तुम्ही सही सोडली नाहीत, मी सीट हलवली नाही. दोघांनी मिळून त्यांना गाडीत बसवून ठेवलं. मग भुर्दंड तुम्ही एकट्याने का भरायचा?"

मी म्हणालो, तुम्ही तरी एकट्याने का भरायचा, मी आत जातो आणि सांगून टाकतो. आणि उठून उभा राहिलो. दार वीस पावलांवर होतं.

"बसा भाऊजी," त्या म्हणाल्या. "एक माणूस गेलंय घरातलं. एका गाडीपायी दुसरं मी घालवणार नाही."

आणि मी बसलो. त्यांनी म्हटलं म्हणून बसलो, असं मी पुढे पुष्कळ दिवस स्वतःला सांगत असे.

गाडी भंगारात विकायची तर तीही आधी वारसाच्या नावावर करावी लागते. वाहन नोंदणीच्या ऑफिसात आम्ही दोघं गेलो. एक खिडकी, दोन फॉर्म, एक दाखला. दादाच्या नावापुढचा 'मयत' हा शब्द वहिनींनी लिहिला, न थांबता. ज्या कामाला मला तीन वर्षं हात लावता आला नव्हता ते अर्ध्या तासात उरकलं. वहिनी त्या गाडीच्या मालकीण झाल्या तेव्हा तिला पुढची चाकं नव्हती. अकरा दिवसांनी भंगारवाला तिला ओढून घेऊन गेला. त्यापूर्वी वहिनींनी आतल्या दोन्ही उशा काढून आणल्या आणि धुवून वाळत घातल्या.

पुढे त्या बसने जायला लागल्या. डबा मांडीवर, त्यावर एक हात. पलीकडच्या टोकाचे पाच डॉक्टर वर्षभरात सुटले. उशीर होतो म्हणून त्यांनी दुसरी माणसं बघितली, त्यांचंही काही चुकलं नाही. मनगट कायमचं आखडलं, साचा धरताना डावा हात थरथरायचा. मी माझ्या स्कूटरवरून डबे पोचवतो म्हणालो तर म्हणाल्या, तुमची कामं बुडतील. महिन्याकाठी काही पैसे देऊ केले तर त्यांनी पाकीट न उघडता माझ्या खिशात परत घातलं. मग मी रविवारी जाऊन नुसता बसायला लागलो. त्या काम करायच्या, मी बडबड करायचो. त्या दिवसाचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही, कुणापाशी नाही. माझ्या बायकोलाही तो कळला नाही.

गेल्या थंडीत त्यांना छातीचा विकार झाला आणि आठवड्यात त्या गेल्या. फळ्यांवर चार जबडे अर्धवट राहिले होते. प्रत्येकाशेजारी एकेक जुना फोटो टाचलेला. मी ते फोटो ज्यांचे त्यांना नेऊन दिले. एका आजींनी विचारलं, आता माझे दात कोण करणार? मला रडू आलं. त्यांना वाटलं मी दातांसाठीच रडतोय, आणि त्या माझीच समजूत घालायला लागल्या.

वहिनी होत्या तोवर, त्यांनी अडवलंय म्हणून मी गप्प आहे, असं म्हणायची सोय होती. आता अडवणारं कुणी नाही. कंपनीच्या त्या फायलीत त्यांच्या हातचा कागद अजून आहे, आणि तो वाचणाऱ्याच्या लेखी वहिनी म्हणजे मेलेल्या नवऱ्याच्या खोट्या सह्या करणारी एक बाई. जन्मात त्या तेवढं एकच खोटं बोलल्या, ते माझ्यासाठी. अधिकारी अजून त्याच टेबलाशी बसतो, पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. दर सोमवारी मी नव्या पॉलिसींचा गठ्ठा घेऊन त्याच्यासमोर बसतो. तो फॉर्म चाळतो, चष्मा पुसतो आणि विचारतो, आज आणखी काही? आणि मी म्हणतो, नाही, काही नाही.